मुदत न संपलेला ताप

आमच्याकडे टायफॉईडला मुदतीचा ताप म्हणतात. शब्द कुणी ठेवला कोण जाणे, पण ऐकूनच निम्मा धीर येतो. ताप येणार, आपली मुदत भरणार आणि निघून जाणार. मला तो आला तेव्हा माझी मुलगी नुकती बालवाडीत जायला लागली होती. केस मुठीमुठीने गळले, जीभ पांढरी पडली, घरातल्यांनी आशा सोडली असं म्हणतात. मग तो गेला. केस पुन्हा आले, मी पुन्हा उभी राहिले आणि त्या तापाला विसरून गेले.

पुढे मोखाड्यात रस्त्यालगतच्या आमच्या घरात मी खानावळ काढली. बाहेर ओट्यावर नवऱ्याचं शिलाई मशीन आणि आत माझी चूल. जेवायला यायची ती बहुतेक बदली होऊन आलेली माणसं. कुणी शाळेवरचे गुरुजी, कुणी दवाखान्यातली नर्स, कुणी बँकेतला साहेब. आल्या आल्या नागलीची, म्हणजे त्यांच्या नाचणीची, काळी भाकरी बघून तोंड वाकडं करायची आणि वर्षभराने सुट्टीला गावी जाताना माझ्याकडूनच नागलीचं पीठ बांधून न्यायची. मला ह्या गोष्टीचा फार गर्व होता, अजूनही आहे.

उन्हं तापली की डब्याला दहीभात जायचा. पोशेऱ्याकडच्या शाळांवर जाणारे गुरुजी सकाळीच डबा घेऊन निघत आणि दुपारी कुठेतरी झाडाखाली बसून तो उघडत. दहीभात मी हातानेच कालवायची. चमच्याने कालवला की दही दहीच राहतं आणि भात भात. हाताने कसा तो एकजीव होतो, मीठ शितापर्यंत जातं. "काकू, तुमच्या हाताला चव आहे," असं सगळेच म्हणायचे. माझा नवरा मशीनवरून मान न उचलता म्हणायचा, "चव हातालाच आहे, जिभेला असती तर माझं सोनं झालं असतं." लोक हसायचे आणि अजून एक वाढा म्हणायचे.

त्या वर्षी होळीनंतर एक तरुण गुरुजी तापाने आडवे झाले. साताऱ्याकडचे, लग्न व्हायचं होतं, आमच्या मागच्या खोलीतच भाड्याने राहायचे. मग एक नर्स आजारी पडली, मग बँकेतले साहेब. मी सगळ्यांना पेज करून पाठवली आणि वर उपदेशही केला, की बाबांनो, बाजारात उघड्यावरचं काहीबाही खाऊ नका, भूक लागली तर माझ्याकडे या. गुरुजींचा ताप हटेना तेव्हा त्यांना नाशिकला न्यावं लागलं. आतड्यातून रक्त गेलं म्हणत होते. त्यांची आई तिकडून फोनवर माझ्याशी बोलली आणि पोराचं केलंत म्हणून माझे आभार मानले.

मग दवाखान्याची माणसं पाणी तपासायला आली. टाकीचं पाणी, विहिरीचं पाणी, नळाचं पाणी सगळं बाटल्यांत भरून नेलं. पाण्यात काही निघालं नाही. तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजारी माणसांना एकच प्रश्न विचारला, जेवता कुठे? सगळ्यांनी माझं घर सांगितलं.

बाई माझ्या दारात आल्या तेव्हा मी त्यांच्यावर अशी काही तुटून पडले की नवऱ्याने मशीन थांबवलं. माझ्या चुलीला बोट लावायचं नाही, म्हटलं. पारोशाने मी कधी चूल पेटवली नाही, भांडी राखेने अशी घासते की तोंड दिसावं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मावशी, भांडी नाही तपासायची. तुम्ही दोघं आणि भांडी घासणारी बाई, तिघांना एकेक डबी देते. सकाळी परसाकडला जाल तेव्हा..." पुढचं मी ऐकलं नाही. ओट्यावर गिऱ्हाईक बसलेलं आणि ही पोरगी मला डबीत काय भरून मागते! पण नाही म्हटलं तर लोकांना वाटणार की कुठेतरी पाणी मुरतंय. दिली डबी. मला खात्रीच होती. त्या घरात साधी शिंक न येणारी मीच एकटी.

निघालं माझ्यातच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दवाखान्यात बाईंनी मला स्टुलावर बसवून समजावलं. तो मुदतीचा ताप गेला, पण त्याचे जंतू गेले नाहीत. काही थोड्या माणसांच्या पित्ताशयात ते घर करून राहतात. त्या माणसाला काही होत नाही, ते ठणठणीत असतं, पण शौचावाटे जंतू बाहेर पडत राहतात आणि हातावरून दुसऱ्याच्या पोटात जातात.

"म्हणजे माझे हात घाण आहेत?" मी विचारलं.

"घाण असती तर तुम्हाला दिसली असती. हे दिसत नाही."

"मी हात धुते."

"कशाने?"

"राखेने. नाहीतर नुसत्या पाण्याने. हात काही चिकट नसतात माझे."

त्यांनी माझा हात उलटा करून नखं बघितली. मग एकेक करून सगळं सांगितलं. भाकरी थापली तरी तव्यावर जंतू मरतात. उकळती आमटी, पेज, तिथेही मरतात. पण दहीभात कालवला की त्याच्यानंतर विस्तव नाही. वर तो उन्हात डब्यात तासन्‌तास राहणार. भात गार, दही गार, आणि मधे माझा हात. साबण, घासून, प्रत्येक वेळी, नखं कापलेली, हे तर आलंच. शिवाय महिनाभर गोळ्या. आणि पुन्हा तपासण्या होऊन सगळं साफ निघेपर्यंत दुसऱ्या कुणासाठी रांधायचं नाही.

"किती मुदत?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही."

घरी येताना मी त्याच शब्दाशी भांडत होते. विटाळ मला माहीत होता. सुतक, सोयर, बाजूला बसणं, सगळं पाहत वाढले. त्यात काही अर्थ आहे असं मला कधी वाटलं नाही, पण विटाळालासुद्धा मुदत असते. अमुक दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की माणूस सुटलं. आणि हे, ज्यात खरोखर अर्थ होता, जे कुणाच्या मानण्या न मानण्यावर नव्हतं, त्यातून सुटायचा दिवसच कुणाला ठाऊक नव्हता. मला कोंडल्यासारखं झालं. खोलीत कोंडलं तर माणूस दार तरी वाजवतं. मी कुठलं दार वाजवणार होते?

खानावळ बंद केली. अंगात बरं नाही असं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कुणापाशी अक्षर काढलं नाही, त्यांचे उपकार. गुरुजी बरे होऊन परत आले तेव्हा शर्ट त्यांच्या खांद्यावरून लोंबत होता आणि भांगाजवळ टाळू दिसत होती. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काकू, तोंडाला चवच राहिली नाही बघा. तुमच्या हातचा दहीभात खाल्ला की येईल." मी आतल्या दारात उभी होते. नवरा म्हणाला, "मास्तर, आता खानावळ बंदच केली आपण." ते बराच वेळ बसून राहिले, चहाही नको म्हणाले. त्यांना काय वाटलं असेल, ह्या विचाराने मला अजून त्रास होतो.

पण माझी खरी धास्ती वेगळीच होती. माझी मुलगी इथल्याच भागातल्या वांगणीला दिली आहे. तिचे दिवस भरत आले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. जावई ठाण्याला टेम्पो चालवतो. सासू चांगली, जिवाला जीव देणारी बाई, पण तिचं घर पाड्यावर. पावसात तिथला रस्ता म्हणजे नुसता चिखल. गाडी येते ती खाली ओढ्यावरच्या मोरीपर्यंत, तिथवर बाईला झोळीतून आणायचं. मागच्याच पावसात त्या पाड्यावरची एक बाई झोळीतच बाळंत झाली आणि मूल हाती लागलं नाही. माझ्या घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर. पोरीला इथे आणायचं नाही तर कुठे आणायचं? आणि आणायचं तर तिला खायला घालणारी मी. पोटुशीला टायफॉईड झाला तर दोन जीव जातील असं बाई मला स्पष्ट म्हणाल्या होत्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि त्यातली विहीर मीच.

मी मुलीला फोनवर सगळं सांगितलं.

"मी येतेच," ती म्हणाली. "पण तू चुलीपाशी जायचा नाय. बाबा रांधतील."

"बाबांना पाणी तापवता येत नाय."

"मंग शिकतील. आन आये, माज्या सासूला काय सांगू नको. ती मला धाडायची नाय."

आषाढात ती आली. त्या दिवसापासून माझ्याच घराचे दोन भाग झाले, एक चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आणि एक उंबऱ्यापासून बाहेर. मी बाहेरच्या भागातली. माझा टॉवेल वेगळ्या खुंटीला, माझं ताट-तांब्या वेगळा, संडासाच्या दाराशी दोरीला बांधलेला साबण. संडास मी रोज ब्लिचिंग पावडर टाकून घासायची, पोरीच्या नाकात वास जाईपर्यंत. नखं इतकी कापली की बोटांची टोकं हुळहुळायची. आणि दिवसभर त्या बोटांना काम काही नाही. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कधी नुसतं बसून पाहिलं नाही, ती उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायची आणि आत नवरा मोहरी जाळायचा.

"अरे, तेल तापू दे आधी!"

"मी तुला कधी शिवण शिकवली का? गप बस."

"डाळ खाली लागली, वास येतोय."

"तो वास बाहेरून येतोय."

मुलगी खुदुखुदु हसायची. मीही हसायची, पण खरं सांगायचं तर मला रडू यायचं. आत पातेलं वाजलं की माझे हात आपोआप उठायचे आणि मी ते मांडीखाली दाबून बसायची. माझी पोर माझ्या डोळ्यांसमोर करपलेली डाळ खात होती आणि मला तिला एक घास नीट करून घालता येत नव्हता. कधीकधी मला त्या डॉक्टरीणबाईंचाच राग यायचा, जसं काही त्यांनीच ते जंतू माझ्या पोटात ठेवले होते.

महिनाभराच्या गोळ्या संपल्या होत्या. तपासणी झाली. पुन्हा निघालं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. बाई म्हणाल्या, खडे आहेत तोवर जंतूंना लपायला जागा आहे, नाशिकला जाऊन पित्ताची पिशवीच काढून टाकावी लागेल, बहुतेक त्याने सुटाल. बहुतेक! मी म्हटलं, लेकीचं होऊ दे आधी. मी नाशिकला खाटेवर आणि ती इथे कळा देत, असं मला नको होतं. म्हणजे सुटायचा एक रस्ता होता तोही मीच पुढे ढकलला, आणि दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

एकदा दुपारी नवरा दोरा आणायला जव्हारला गेला आणि पावसाने तिकडेच अडकला. सकाळची भाकरी संपलेली. पोरीला भूक निघेना, पाय सुजलेले, उभं राहिलं की भोवळ यायची. ती भिंतीला टेकून म्हणाली, "आये, तूच दे काय तरी. मला आता सोसत नाय." मी उठलेच. पिठाचा डबा समोर फळीवर. तव्यावर जंतू मरतात हे मला पाठ होतं. पण भाकरी ताटात कोण ठेवणार, पाण्याचा हात परातीला लागणार, त्याच परातीत संध्याकाळी नवरा पीठ मळणार, तो नीट घासेल की नाही, हे सगळं माझ्या डोक्यात गरगर फिरायला लागलं. डब्याला हात न लावता मी तशीच मागे आले. दाराला ताईत बांधला की भुताला घरात शिरता येत नाही म्हणतात, तशी मी माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभी.

मग मला सुचलं. कोपऱ्यात केळ्यांची फणी होती. दोन्ही हात साबणाने घासून मी दोन केळी तोडली आणि सालीसकट तिच्यापुढे ठेवली. अंडी कवचासकट पातेल्यात टाकली, खळखळ उकळली आणि पातेलंच तिच्यासमोर नेऊन ठेवलं. "सोल तुझी तू," म्हटलं. तिने सोलली आणि मीठ न लावताच एकामागून एक खाल्ली. "आये," ती तोंडात घास धरून म्हणाली, "देवाला कसा आधीच म्हाईत, तू येनार म्हनून सगळ्याला साल लावून ठेवली." आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या सगळ्या दिवसांत माझ्या हातून तिच्या पोटात गेलेलं तेवढंच.

श्रावण सरता सरता एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पायी चालतच गेलो, एवढं जवळ होतं. दुपारपर्यंत मोकळी झाली. मुलगी झाली, रडली ती सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी. पोरीला ताप नाही, बाळाला काही नाही.

दुसऱ्या दिवशी वांगणीहून विहीणबाई आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, आणि पदराआड औषधाच्या जुन्या बाटलीत रानातला मध. बाळाला बघून त्यांनी बोटं मोडली, मग बाटलीचं बूच काढून बाटली माझ्यापुढे धरली.

"घे गं ईनबाय. आयची आय तू. पयला बोट तुजा."

खाटेवर मुलगी पडली होती. तिने माझ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. मला खोटं बोलता आलं असतं. उपास आहे, अंघोळ नाही, काहीही. पण बाटली माझ्या नाकासमोर आणि बाळाचं तोंड त्याच्यापलीकडे, इवलंसं, उघडझाप करणारं. मला त्या खोटेपणाचा एकदम वीट आला.

"मी नाही लावणार," मी म्हटलं. "माझ्या पोटात टायफॉईड आहे. मला काही होत नाही, पण हातातून दुसऱ्याला जातो. खानावळीतली माणसं आजारी पडली ती माझ्यामुळेच."

विहीणबाईंनी बाटली खाली घेतली. "मंग माज्या सुनेला इतके दिस रांधून कोनी घातला?"

"मी," माझा नवरा म्हणाला.

त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. फक्त दोन पावलं मागे सरकल्या आणि पदर आवरून घेतला, जसा रस्त्यावर चिखल बघून आवरतात.

तेवढ्यात नर्स आली. तापातून उठलेली तीच, माझ्या खानावळीत जेवणारी. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि नजर काढून घेतली. मग विहीणबाईंना म्हणाली, "मध कुणीच लावायचा नाही, आजी. मध नाही, पाणी नाही, आईचं दूध फक्त." आणि माझ्याकडे वळून, कामाच्याच आवाजात, "तुम्ही बाळाला घेऊ शकता. साबणाने हात धुऊन या. नुसतं घ्यायला काही हरकत नाही."

हे मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं, आणि इतके दिवस मी त्याच्याच भरवशावर होते. मी नळाशी गेले. कोपरापर्यंत साबण लावला, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं घासलं. पुसायला काही घेतलं नाही, टॉवेलचाही भरवसा नको म्हणून. ओले हात पुढे धरून खाटेपाशी आले.

मुलीने बाळाला छातीशी धरलं होतं. माझे हात पुढे झाले तशी ती किंचित भिंतीकडे वळली. तिने काही ठरवून केलं नाही, ते मला दिसत होतं. तिच्या अंगानेच केलं. नंतर तिलाही ते कळलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्ता नको गं आये," ती म्हणाली. "थोडे दिवस जाऊ दे."

किती दिवस, असं मी तिला विचारलं नाही. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू, आणि त्याच वेळी असंही वाटलं की पोर शहाणी निघाली, मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. बाळ तिच्या कुशीत चुटूचुटू दूध प्यायला लागलं. मी हात तसेच पुढे धरून, ते वाळेपर्यंत, खाटेपाशी उभी राहिले.